पंधरा सेकंद

रविवारी सकाळी नऊला सातव्या मजल्यावरची मुलगी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसते. वही, दोन पेनं आणि गरम पाण्याचा थर्मास एवढं तिचं सामान. मला ती 'आयी' म्हणते. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी. शांघायला आल्यावर पहिल्यांदा ती हाक कानावर पडली, तेव्हा मी जिन्यातच थबकले होते.

मुलगी इंग्रजी विषय घेऊन पदवी करतेय, दुसरं वर्ष. जूनमध्ये तिची 'ज्वान-स' ही परीक्षा आहे. स म्हणजे चार, चौथी पातळी. चीनमध्ये इंग्रजी विषयात पदवी करणाऱ्यांची चौथ्या सत्राच्या अखेरीस ही परीक्षा होते आणि आठव्या सत्रात 'ज्वान-बा', म्हणजे आठवी पातळी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चाललंय. इंजिनिअरिंग, कॉमर्सच्या मुलांसाठी इंग्रजीची वेगळी परीक्षा आहे. ही मात्र भाषेच्याच विद्यार्थ्यांची. बाहेरच्या कुणाला बसता येत नाही आणि नापास झालं तर पुन्हा एकच संधी.

त्या परीक्षेतल्या श्रुतलेखनाच्या सरावासाठी मी तिला उतारा वाचून दाखवते. शंभरेक शब्दांचा असतो, विषय साधा: पाऊस, प्रवास, गावातली लायब्ररी. परीक्षेत तो चार वेळा ऐकवतात. पहिल्यांदा सरळ, नेहमीच्या वेगाने. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा तुकड्यातुकड्याने, मध्ये पंधरा सेकंद थांबून. चौथ्यांदा पुन्हा सरळ. शंभरपैकी दहा गुण याचे. मी मोबाइलवर सेकंद मोजत बसते आणि ती लिहिते. शब्द तिला जवळजवळ सगळे येतात, चुका होतात त्या शेपटांच्या. अनेकवचनाचा 'एस' सुटतो, भूतकाळाचा 'ईडी' सुटतो. चिनी भाषेत नामाला अनेकवचनासाठी सहसा काही लागत नाही, काळाप्रमाणे क्रियापदाचं रूपही बदलत नाही. जे आपल्या भाषेत नाही, ते कान ऐकतच नाही. गेल्या रविवारी एका उताऱ्यात नऊ शेपटं सुटली होती. तिने नऊच्या नऊ शब्द लाल पेनाने पुन्हा लिहिले, प्रत्येकी पाच वेळा.

तिला तसं लिहिताना बघून मला आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा आठवते. अमळनेरपासून आत, बोरी नदीच्या बाजूला. गुरुजी रोज दुपारच्या सुट्टीनंतर श्रुतलेखन घालायचे. हेही तसंच, तुकड्यातुकड्याने, वर्गात येरझारा घालत. आमच्या घरात अहिराणी. आम्ही शाळेला 'शाया' म्हणायचो, केळीला 'केयी'. वहीत मात्र 'शाळा' आणि 'केळी' लिहायचं होतं. 'ळ' आमच्या कानाला ऐकूच यायचा नाही, 'एस' त्या मुलीला ऐकू येत नाही तसा. तरीही चौथीपर्यंत माझी मराठी सुधारली, कारण एक माणूस रोज स्वच्छ बोलत होता, आम्ही लिहीत होतो आणि तो वही तपासत होता. पाचवीत इंग्रजी आलं. दहावीपर्यंत सहा वर्षं शिकले. त्या सहा वर्षांत इंग्रजीचं श्रुतलेखन एकदाही झालं नाही. धड्याचं मराठीत भाषांतर व्हायचं आणि प्रश्नांची उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची.

हे सांगण्याचं कारण म्हणजे दादाचा फोन. मे महिना लागला की आमच्या घरात दरवर्षी हाच वाद पेटतो. दादाचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. वहिनीला त्याला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालायचंय, पिवळी बस आता गावातच येते. दादाला ते पटत नाही, पण ठाम विरोध करायची हिंमतही होत नाही. आबा म्हणतात, मराठी सोडली तर पोरगं घरचं राहणार नाही. मग माझ्याकडे न्यायनिवाडा येतो. 'तू बाहेर राहतेस, तू सांग. इंग्रजीशिवाय भागतं का?'

इकडे काय आहे ते मी प्रामाणिकपणे सांगते. सातव्या मजल्यावरच्या मुलीचं गणित, विज्ञान, इतिहास, सगळं चिनीत झालं. इथले डॉक्टर आणि इंजिनिअर मुख्यतः चिनीतच शिकतात. इंग्रजी हा एक विषय आहे, पण हलका विषय नाही. २००१ पासून ते तिसरीपासून सुरू करण्याचं धोरण आहे आणि कॉलेज प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे असतात, चिनी आणि गणिताच्या बरोबरीने. म्हणजे माध्यम स्वतःचं आणि इंग्रजी मेहनतीने. आपल्याकडे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी करून ठेवल्या आहेत.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं. पंचवीस वर्षं झाली. तरी पालकांचा विश्वास बसला नाही, तो का बसला नाही हे कुणी नीट विचारलं नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये हिंदी पहिलीपासून सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला, राज्यभर रान पेटलं, आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. मी इथून सगळं वाचत होते. सक्तीला विरोध झाला ते योग्यच झालं, माझं मत स्पष्ट आहे. पण त्या सगळ्या चर्चेत खानदेशातलं पोर कुठे होतं? त्याच्या घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी किंवा भिल्ली. शाळेची मराठी हीच त्याची दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी. हिंदी आली असती तर ती चौथी. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत 'मातृभाषेतून शिक्षण' म्हणताना कुणाच्या मातृभाषेबद्दल बोलतात, हा प्रश्न धडगावच्या आश्रमशाळेतल्या मास्तरला विचारा. तो रोज त्याच्याशी झगडतोय.

सातव्या मजल्यावरही वेगळं नाही. त्या मुलीची आजी शांघायची बोली बोलते, मुलगी ती समजते पण बोलताना अडखळते, आणि शाळेने दिलेली चिनी वेगळीच. तिचंही इंग्रजी तिसरंच.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते फरक पडतो शिकवणाऱ्यापाशी. मी स्वतः बी.ए. केलं, स्पेशल इंग्लिश घेऊन. कॉलेजचं नाव घेत नाही. तिथले शिक्षक जिव्हाळ्याचे होते आणि दोष एकट्या त्यांचा नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकावर मी पानभर उत्तर लिहिलं, फर्स्ट क्लासचे गुण मिळवले आणि ते नाटक मी वाचलं नव्हतं. गाईड वाचलं होतं. तीन वर्षांत मला कुणी इंग्रजी बोलायला लावलं नाही, इंग्रजी ऐकवलं नाही, माझं एक पान तपासून 'इथे काळ चुकला' असं सांगितलं नाही. पुढे पुण्यात एका कंपनीचा फोनवर इंटरव्ह्यू होता. समोरची बाई काय विचारतेय ते मला कळेना. 'पार्डन' तीनदा म्हटलं, चौथ्यांदा तिने फोन ठेवला. त्या रात्री मी खूप रडले. हातात पदवी इंग्रजीची होती आणि इंग्रजी येत नव्हतं.

माझ्याबरोबरच्या वर्गातल्या कितीतरी मुली आज शिक्षिका आहेत. बऱ्याच जणी त्याच पिवळ्या बसवाल्या इंग्लिश मीडियम शाळांत, तुटपुंज्या पगारावर. त्या कष्टाळू आहेत, हुशार आहेत. पण भाषा त्यांनाही कुणी शिकवली नव्हती. वहिनी ज्या शाळेत मुलाला पाठवू म्हणते, तिथे बोर्ड इंग्रजीचा आहे आणि वर्गात आमच्यासारख्याच बाया उभ्या आहेत. मुलाचं गणितही त्या अर्ध्याकच्च्या इंग्रजीतून होणार. हे दादाला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

म्हणून मला ज्वान-स महत्त्वाची वाटते. त्या परीक्षेत साहित्याचा इतिहास विचारत नाहीत, भाषा येते का ते बघतात. ऐकणं, व्याकरण आणि शब्द, गाळलेल्या जागा, वाचन आणि शेवटी छोटा उतारा वाचून त्यावर स्वतःचं मत दोनशे शब्दांत. साडेपाच-सहा हजार शब्द ओळखता यायला हवेत, आठव्या पातळीला दहा-बारा हजार. आठव्या पातळीत चुका शोधून दुरुस्त करायचा एक भाग असतो आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतरही. उद्या इंग्रजीची शिक्षिका होणारी मुलगी आधी या चाळणीतून जाते. आपल्याकडे बी.ए. इंग्रजीच्या मुलांची भाषा तपासणारी अशी देशभराची परीक्षा नाही. पुढे प्राध्यापकीसाठी नेट-सेट आहेत, पण तिथला भर साहित्य आणि समीक्षेवर.

इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. मुलगी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला चहा घेणार का एवढं इंग्रजीत विचारलं, तर ती लाल झाली आणि मोबाइलवर उत्तर टाइप करून मला दाखवलं. दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलगी! मुख्य परीक्षेत बोलणं नाहीच, तोंडी परीक्षा वेगळी असते आणि ती सगळे देत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून सोडवून मुलं थकतात. कॉलेजच्या आवारात पहाटे झाडाखाली उभं राहून मोठ्याने पाठ करणारी मुलं बघितली की कौतुक वाटतं आणि पोटात तुटतंही. शिवाय आता यंत्रं भाषांतर करू लागली, काही विद्यापीठांनी परदेशी भाषांचे पदवी वर्ग बंद केले. मुलीचे वडील मला एकदा म्हणाले, 'कॉम्प्युटर विषय घेतला असता तर बरं झालं असतं.' ती शेजारीच बसली होती.

तरीही त्या नऊ शेपटांची किंमत मला कळते. यंत्राने केलेलं भाषांतर बरोबर आहे की चूक, हे ज्याला ऐकू येतं त्यालाच कळेल.

जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९०चं. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, अक्षरओळख नसलेल्या आणि कानावर बोली पेललेल्या बाईचं. त्या विद्यापीठाने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या वर्षाअखेर भाषेची परीक्षा सुरू करावी, ऐकण्याची आणि बोलण्याचीही, असं मला मनापासून वाटतं. देशाची वाट बघायची गरज नाही. त्यातून निघालेल्या मुली जिल्हा परिषदेच्या शाळांत गेल्या आणि रोज पंधरा मिनिटं इंग्रजीचं श्रुतलेखन घातलं, तर वहिनीला पिवळ्या बसचं आकर्षण राहणार नाही. उलट होईल ही माझी भीती खोटी नाही: परीक्षा आली की गाईड येईल, क्लास येईल, हे मी ओळखून आहे. पण ऐकून लिहिलेलं पान गाईडमधून उतरवता येत नाही. तेवढी एक गोष्ट तरी हातात राहील.

दादाला मी शेवटी एवढंच म्हटलं की भाचा आहे त्या शाळेत राहू दे, इंग्रजी माझ्याकडे दे.

त्यामुळे आता रविवारी माझ्याकडे दोन विद्यार्थी असतात. मुलगी गेल्यावर, दुपारी अडीचला, तिकडे बारा वाजलेले असतात, मी भाच्याला फोन लावते. त्याचा उतारा चाळीस शब्दांचा. परवा पावसाचा होता. चार वेळा वाचला, मध्ये पंधरा सेकंद थांबून. मागून वहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तिने तिसऱ्या वाचनाला हात थांबवला हे मला आवाजावरून कळलं. पाच मिनिटांनी वहीच्या पानाचा फोटो आला. चौदा चुका. 'रेन्स' बरोबर होतं, 'एस'सकट.

फोटोखाली त्याचा आवाज रेकॉर्ड केलेला होता: 'फुई, पंधरा सेकंद कमी पडतस. वीस दे ना.'

फुई म्हणजे आत्या. मी वीस केले.