जामीन मंजूर, सुटका नामंजूर

न्यायालयाने जामीन मंजूर केल्यावरही माणूस तुरुंगातच राहतो आणि त्याचे कोणालाही काही वाटत नाही, याचा मला विलक्षण संताप येतो. ज्याला बाहेर सोडण्यास हरकत नाही असे खुद्द न्यायाधीशांनी लेखी नमूद केले आहे, त्याला केवळ कागद जुळत नाहीत म्हणून आठवडेच्या आठवडे आत डांबून ठेवायचे आणि विचारणाऱ्याला ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे सांगायचे, हा उद्योग या देशात राजरोस चालतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ सांगतो की, कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. येथे तर ते कार्यपद्धतीच हिरावून घेते.

ओळखीतल्या एका मुलासाठी त्याचा मामा जामीनदार म्हणून उभा राहिला, तेव्हा हा प्रकार मी जवळून पाहिला. मामाकडे जमीन होती, पण सातबारा अजून त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावे होता, कारण वारसनोंदीचा फेरफार रखडलेला होता. ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गेल्यावर तलाठ्याचा अहवाल आणा असे सांगण्यात आले, आणि तलाठ्याकडे आणखी दोन गावांचा कार्यभार असल्याने तो नेमका कुठे सापडेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. सगळे जमवून आणल्यावर लिपिकाने आधार कार्डावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव यांतला वेलांटीचा फरक दाखवून कागद परत केले. रोख जामिनाची परवानगी मागावी, तर त्यासाठी वेगळा अर्ज, त्यावर सरकारी पक्षाचे म्हणणे आणि त्यासाठी पुढची तारीख. हे सर्व सुरू असताना न्यायालयाच्या आवारातच भाडोत्री जामीनदार पुरवणारे लोक खुलेआम फिरत होते. त्यांची कागदपत्रे मात्र कधीच अपुरी नसतात!

यात नवे काहीच नाही, आणि खरी चीड त्याचीच आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. जामीन मिळूनही खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच या प्रकाराचा खरपूस समाचार घेतला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील असे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कैदी, समोर आले, ज्यांनी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ खटल्याविनाच तुरुंगात काढला होता. त्यानंतर २०२३ च्या जानेवारीत त्याच सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवा आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नका. म्हणजे १९७८ साली जे सुनावले, तेच ४५ वर्षांनी पुन्हा सुनावले.

दरम्यान न्यायव्यवस्थेचे बळकटीकरण अखंड सुरू असते. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. संगणकीकरणाला माझा विरोध नाही, ते हवेच. पण मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे आदेश टाकण्यासाठी पेटी ठेवलेली असते, ती ठरावीक वेळीच उघडते आणि वेळ चुकली तर आणखी एक रात्र आत काढावी लागते, ही पद्धत २०२१ मध्ये एका चित्रपट अभिनेत्याच्या मुलामुळे देशाला कळली. त्याच्यासाठी वाहिन्यांचे कॅमेरे तुरुंगाबाहेर उभे होते. गवंड्याच्या, हमालाच्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या मुलासाठी तिथे कोण उभे राहणार? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ ने, जन्मठेप वा फाशीचे गुन्हे वगळता, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांना कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटकेची सोय दिली. मात्र एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असतील तर ती सोय नाही, आणि मुदत भरल्यावर न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. त्याने कळवले नाही तर त्याचे काय बिघडते?

काहीही बिघडत नाही, आणि माझा राग नेमका तिथे आहे. बिहारमधील रुदुल साह १९६८ साली निर्दोष ठरला आणि १९८२ साली तुरुंगाबाहेर आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राज्य सरकारला ३० हजार रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला लावली, ती करदात्यांच्याच खिशातून. निव्वळ निर्देश, परिपत्रके आणि देखरेख समित्या आता पुरे झाल्या. जामिनाच्या आदेशानंतर चोवीस तासांत सुटका झाली नाही, तर ज्याच्या टेबलावर कागद अडला त्याने स्वतःच्या नावाने व सहीने त्याचे कारण लिहून द्यावे, आणि ते पटण्याजोगे नसेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई त्याच्या पगारातून कापली जावी. मग वेलांटीचे आक्षेप किती जणांना सुचतात, ते पाहू.