डबे आले नाहीत, म्हणे!

दरवर्षी तेच! कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात कापणी उरकते, पत्र्याच्या गोल कोठ्या गव्हानं, मसुरीनं काठोकाठ भरतात आणि मग वाट बघत बसायचं. एलेव्हेटरवरून, म्हणजे धान्य घेऊन रेल्वेत भरणाऱ्या कोठारावरून, फोन येतो, "या आठवड्यात रेल्वेचे डबे आले नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू." अहो, करार झालाय, महिना ठरलाय, त्याचं काय? इकडे बँकेचा हप्ता थांबतो का?

माल जहाजात चढतो ते व्हँकुव्हर बंदर इथून दीड हजार किलोमीटरच्या वर, मध्ये रॉकी पर्वत. एवढा माल ट्रकनं नेणं परवडत नाही आणि मोठ्या रेल्वे कंपन्या दोनच. ऑगस्ट 2024 मध्ये कामगारांच्या वादात दोन्ही एकदम ठप्प, तेही ऐन कापणीच्या तोंडावर! बंदरात पाऊस लागला की जहाज भरणं बंद. जहाज खोळंबलं की दंड चढतो आणि फिरून फिरून तो शेतकऱ्याच्याच भावातून कापला जातो.

मला सगळ्यात चीड येते ती 2021 ची. भीषण दुष्काळ, पीक करपलेलं. आधी कबूल केलेला माल देता आला नाही म्हणून कित्येकांना खिशातून भरपाई द्यावी लागली. शेतकरी चुकला की दंड, रेल्वे चुकली की "पुढच्या आठवड्यात बघू"! मग डबे उशिरा आल्याचा दंडही रेल्वेनं थेट शेतकऱ्याच्या हातात द्यावा ना!