तो कोट भेट नव्हता

परवा लेकीला घेऊन इथल्या, कॅनडातल्या विनिपेगजवळच्या एका छोट्या संग्रहालयात गेले होते. काचेमागे लाल लोकरीचा लष्करी थाटाचा कोट होता. पितळी बटणं, बाह्यांवर काळवंडलेली सोनेरी फीत, आणि उजव्या कोपरावर रफू. अंगावर वागवून वागवून झिजलेला. पाटीवर लिहिलेलं, 'राणीकडून मूलनिवासी प्रमुखाला भेट'. लेक म्हणाली, "आई, राणी किती चांगली ना!"

मला राहवेना. तिथेच तिला बाकावर बसवून सांगितलं.

३ ऑगस्ट १८७१ रोजी इथल्या लोअर फोर्ट गॅरी किल्ल्यात अनिशिनाबे आणि क्री या मूलनिवासी लोकांच्या प्रमुखांनी राणी व्हिक्टोरियाच्या प्रतिनिधींशी करार केला. प्रत्येक प्रमुखाला पदाला साजेसा पोशाख, म्हणजे असाच कोट, त्याच्या सल्लागारांना पोशाख, शिवाय गुरं, नांगर, असं बरंच बोलण्यात कबूल झालं. कागदावर यातलं काहीच आलं नाही. जमीन सोडण्याचं कलम मात्र चोख लिहिलेलं! प्रमुखांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे १८७५ मध्ये सरकारने ही वचनं मान्य केली आणि करारात ठरलेल्या माणशी वार्षिक ३ डॉलरचे ५ केले.

१८७३ मध्ये नॉर्थवेस्ट अँगल या ठिकाणी अशाच तिसऱ्या कराराची बोलणी चालली होती. तिथे मावेडोपेनेस या प्रमुखाने आधीच्या करारात वाटलेलं एक पदक सगळ्यांसमोर उचलून सुरीच्या पाठीने ठोकलं. चांदी म्हणून दिलेलं, पण आवाज बद्द आला. राणीची प्रतिमा असल्या हिणकस धातूवर छातीशी मिरवायची मला लाज वाटेल, असं तो म्हणाला. हे राणीच्या वतीने बोलणी करणाऱ्या लेफ्टनंट गव्हर्नर मॉरिसच्याच पुस्तकात छापलेलं आहे. त्या करारात दर तीन वर्षांनी पोशाख देण्याचं कलम लेखी आलं.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रं मिळाली, हे वाचताना आपण कापडाचा विचार करत नाही. फरक एवढाच की वस्त्रं धनी आपल्या चाकराला देतो. गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो लाल कोट तसाच समजून दिला. घेणाऱ्यांच्या लेखी मात्र राणीशी नातं जोडलं गेलं होतं, आणि नातं दोन्हीकडून पाळायचं असतं. मला त्यांचंच म्हणणं पटतं. एवढ्या जमिनीच्या बदल्यात जे कबूल केलं, त्याला भेट कसं म्हणायचं?

ते ५ डॉलर आजही दरवर्षी माणशी ५च मिळतात. दीडशे वर्षांत एक डॉलर वाढलेला नाही.

संग्रहालयाला रात्रीच पत्र लिहिलं. 'भेट' खोडा, 'कराराचं देणं' लिहा. लेकीने खाली स्वतःचं नाव घातलंय.