इंजिन कामानंतर ऑइल खाणं आणि घाटात हिट होणं : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या गॅरेजमध्ये इंजिनाच्या कामाचं पाऊण लाखाच्या वर बिल भरलं, तरी दीड हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल गेलं, मागून निळा धूर निघतो, कन्नड घाटात काटा लाल रेषेला टेकतो आणि गॅरेजवाले नुसतं "चालवा, बसेल" म्हणतात, असं तुम्ही लिहिलं आहे. एवढा पैसा लावल्यावर राग येणारच. मात्र या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी निघतील.

पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरला बसेपर्यंत थोडं ऑइल जळतं, पण लिटरभर हे "बसेल" म्हणून सोडून देण्यासारखं नाही. धूर कधी येतो ते बघा. सकाळच्या स्टार्टला एक भपका मारून थांबला, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिली की आला, तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर. चढाला लोडवर सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा). तुमच्या बिलात बोअरिंग-होनिंग, पिस्टन-रिंग, बेअरिंग सेट, हेडचं काम आणि गॅस्केट किट आहे. टर्बो आणि रेडिएटर नाहीत. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढायचा. आत ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं नको. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो, पण पुढे-मागे हाताला जाणवला तर टर्बो गेला. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप चोंदला असेल तरीही असाच धूर येतो, आणि ते काम अगदी किरकोळ आहे.

गाडी सावलीत उभी करून एसीसाठी तासन् तास इंजिन चालू ठेवलं जातं का? आपल्याकडच्या उन्हात सगळेच करतात, पण नव्या कामाला ते मारक. लोड नसला की रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट दाबल्या जात नाहीत, होनिंगमध्ये त्या भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या रेषांवर चकाकी चढते आणि मग रिंगा बसतच नाहीत. आणखी एक : डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं तरी ते ब्रीदरमधून वर जाऊन जळतं.

आता हिटचं. सपाटीला काटा मध्यावर आणि घाटातच वर, म्हणजे रेडिएटरमधून पुरेसं पाणी फिरत नाही किंवा फॅनची हवा कमी पडते. बोअरवेलचं पाणी टाकत राहिलं की नळ्यांत क्षार धरतो. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, आतून निम्मा बंद. कामानंतर सिस्टिममध्ये हवा राहिली, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला तरी हेच होतं. हेड गॅस्केटची शंका घरीच तपासता येते. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण लावून गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज पाईप दाबून बघा. अर्ध्या मिनिटात कडक झाला तर कुलंटमध्ये गॅस शिरतोय. ऑइल फिलरच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. तेव्हा गाडी चालवूच नका, आम्ही टोचन पाठवू. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही.

आमच्याकडे क्रम असा राहील : टर्बो आणि ब्रीदर, मग कॉम्प्रेशन, मग लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं. हवा भरली की डिपस्टिकच्या नळीतून मोठा फुसफुसाट आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हे सगळं तुमच्यासमोर होईल. तुमचा दुसरा मेकॅनिक सोबत आणलात तरी चालेल. तपासणीचे पैसे नाहीत. बिलावर लिहिलेल्या ६ महिने किंवा १०,००० किमीच्या मुदतीत तुम्ही आहात, त्यामुळे रिंगा, हेड किंवा गॅस्केट निघालं तर मजुरी, सामान आणि लेथचा खर्च आमचा. टर्बो किंवा रेडिएटर निघाला तर सामानाचे पैसे तुमचे, काढ-घालीची मजुरी आम्ही घेणार नाही.

गाडी रात्रीच आणून लावा, म्हणजे सकाळी थंड स्टार्टचा धूर बघता येईल. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या वर असेल तर येण्याआधी ऑइल भरू नका. आत्तापर्यंत कोणत्या ग्रेडचं, किती टाकलं तेवढं लिहून आणा.