विरजण आणि फ्रॅग : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये वाढवलेल्या प्रवाळांबद्दलच्या "कोरल विकू नका, अदलाबदल करा" या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "हे भरल्या टँकवाल्याचं तत्त्वज्ञान झालं. नवख्याने बदल्यात काय द्यायचं, मीठ?" टोला बरोबर बसला. मी स्वतः सुरुवात केली तेव्हा इथे न्यू जर्सीतच एका काकांनी झोॲन्थिड या मऊ कोरलचे चार पॉलिप (फुलासारखे छोटे जीव) फुकट दिले होते, वर दम भरला होता की कापताना हातमोजे आणि चष्मा घाल, त्यात जहर असतं. हे लेखात यायला हवं होतं. वीज, मीठ, टेस्ट किट यांचा खर्च मलाही चुकलेला नाही. त्यापोटी कुणी फ्रॅगचे, म्हणजे कापून दिलेल्या कोरलच्या तुकड्याचे, दहा-वीस डॉलर घेतले तर त्यावर मी नाक मुरडायला नको होतं.

पण "पैसे घ्या नाहीतर दुसरा तुकडा घ्या, फरक काय?" हे तुमचं म्हणणं पटत नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझा हीटर अडकला, बंदच होईना. सकाळी पाणी दुधाळ, तापमान 33 अंश, आणि पाच वर्षं वाढवलेली बशीएवढी लाल मॉन्टिपोरा (दगडी सांगाड्याचं एक कोरल) पांढरीफटक. तिचे तुकडे तीन घरी दिले होते. टँक सावरल्यावर त्यातल्या एकाने तळहाताएवढा तुकडा आणून दिला. त्याच्या दिव्यांखाली रंग नारिंगीकडे झुकला होता, पण होती माझीच. आपलं दही बिघडलं की ज्या शेजारणीला विरजण दिलं तिच्याकडेच वाटी घेऊन जायचं, तसं. त्याआधी विकलेले तुकडे कुठे आहेत, कोण जाणे. घेणाऱ्यांचे नंबरही माझ्याकडे नाहीत.

माझा खरा राग विक्रीवर नाही, घाईवर आहे. 2018 मध्ये इंडोनेशियाने कोरलची निर्यात थांबवली आणि टॉर्च नावाच्या कोरलचे भाव चढले. भाव चढला की करवतही लवकर चालते. नुकती प्रवासातून आलेली कॉलनी, अजून नीट फुललेलीही नाही, आठवड्यात तिची डोकी (फांद्यांच्या टोकांचे पॉलिप) सुटी करून विकायला! टॉर्चची फांदी जिवंत मांसाच्या बरीच खाली, कोरड्या सांगाड्यावर कापायची असते. मांसाला धक्का लागला की ते डोकं तपकिरी लगदा होऊन विरघळू लागतं, आणि तोवर ते घेणाऱ्याच्या टँकमध्ये पोचलेलं असतं.

किडे अदलाबदलीतूनही येतात, हे तुमचं खरं. मॉन्टिपोरा खाणारे न्यूडिब्रँक (चिमुकल्या समुद्री गोगलगाई) मला मित्राच्याच फ्रॅगवरून आले. डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून, किडा मरतो, अंडी वाचतात. म्हणून आता कुणाचाही प्लग (तुकडा चिकटवलेली छोटी बैठक) मी फेकून देतो आणि तुकडा नव्यावर चिकटवतो.

पुण्यातल्या तुमच्या भावाला मात्र हा वाद दाखवू नका. भारतात दगडी सांगाड्याचे कोरल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली, आहेत. तिथे विकणं आणि बदलणं यात निवड करायची वेळच येत नाही.

तुम्हीही जर्सीतच आहात, तर मे महिन्यात मी छाटणी करणार आहे, तेव्हा या. तुमचा टँक तोवर सायकल झालेला, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू रुजून तयार झालेला, असेल तर ग्रीन स्टार पॉलिप या कोरलचा एक तुकडा घेऊन जा, बदल्यात काही नको. फक्त तो वाळूत सुट्या दगडावर ठेवा. मुख्य खडकाला एकदा चिकटला की गवतासारखा पसरतो, मग तुम्हीच लोकांना फुकट वाटत सुटाल.