धोका पातळी 2048

आमचा लॅपटॉप 2007 सालचा आहे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "अजून चालतो?" म्हणजे एखाद्याच्या पणजोबांची चौकशी करावी तसं. चालतो की. 2019 चा महापूर आणि 2021 चा पूर, दोन्ही वेळा तो सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी माळ्यावर गव्हाच्या डब्याला टेकून बसला होता आणि आम्ही विश्रामबागेत मावशीकडं. ज्यानं दोन पूर काढले त्याला भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायचं म्हणजे माझ्याच्यानं होत नाही, आणि नवा घ्यायचं म्हणजे खिशाच्यानं होत नाही.

काम माझं डीटीपीचं. लग्नपत्रिका, वास्तुशांती, मंडळांची पावती पुस्तकं, मार्केट यार्डातल्या अडत्यांची लेटरहेडं, हळदीच्या पुड्यांवरची लेबलं. आधीची सिस्टीम इतकी जड झालेली की बटण दाबून आंघोळीला जायचं, देवपूजा उरकायची, चहा घ्यायचा, तरी स्क्रीनवर आपलं ते गोल फिरतंच. म्हणून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी हलकी सिस्टीम टाकली, त्यातली माते आवृत्ती. हे नाव दक्षिण अमेरिकेत चहासारखं पितात त्या येर्बा माते झाडावरनं आलंय, आपल्या देवीशी त्याचा काही संबंध नाही, तरीपण मी लॅपटॉप चालू करताना 'जय माते' म्हणतो. न जाणो.

मग एका बंद पडलेल्या नेट कॅफेवाल्याकडनं 19 इंची मॉनिटर मिळाला, 1100 रुपयांत, एक कोपरा जरा पिवळट पण हळदीच्या गावात पिवळ्याचं काय एवढं. एका पडद्यावर पत्रिका, दुसऱ्यावर गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर, ज्यात वधूचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं असतं. बायको म्हणाली, "अहो, दोन-दोन टीव्ही कशाला?" पण आठवड्याभरात तिलाही पटलं, कारण मी एकावर काम करतोय असं दिसत असताना दुसऱ्यावर ती सिरीयल बघू शकायची.

इथंपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग दिवाळीत भाचा आला.

भाचा पुण्यात इंजिनियरिंगला आहे, म्हणजे घरात कुठल्याही वायरला हात लावायचा परवाना त्याच्याकडं आहे. मी एक खिडकी इकडनं तिकडं सरकवली तर म्हणतो, "मामा, ही खिडकी मेल्यासारखी काय सरकते रे?" आजवर माझ्या मनातही आलं नव्हतं की खिडक्यांना जीव असतो. त्यानं दुसऱ्या मॉनिटरची वायर काढून बाजूला ठेवली ("टेबलावर जागा नाही, मामा"), सेटिंगमध्ये जाऊन विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम, मार्को होता तो बदलून कॉम्पिझ केला. हे कॉम्पिझ 2006 साली आलेलं, म्हणजे आमच्या लॅपटॉपपेक्षा वर्षानं थोरलं, त्यामुळं दोघांचं लगेच जमलं. आणि काय सांगू, खिडकी उचलली की ती लुसलुशीत! ओढली की लांबते, सोडली की थरथरते. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस ताटात सोडल्यावर कसा थुलथुलतो, डिट्टो तसं. शिवाय चार डेस्कटॉपचा चौकोनी ठोकळा करून गरागरा फिरवता येत होता, कशासाठी ते विचारायचं नाही. सगळं घर गोळा झालं. आईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "बिघडलाय का?"

भाऊबीज झाली, भाचा ओवाळणी घेऊन पुण्याच्या एसटीत बसला. मी दुसऱ्या मॉनिटरची वायर जोडली आणि खरवसाचं दगड झालं.

म्हणजे दोन्ही पडदे चालू, चित्र स्वच्छ, पण खिडक्या परत मेलेल्या. कॉम्पिझ जबरदस्तीनं चालू केलं की डेस्कटॉपच्या जागी पांढरंफटक, नुसती चुन्याची भिंत. वायर काढली की खरवस. वायर लावली की दगड. सासू आली की सून गप्प, तसा प्रकार. रात्री दोनपर्यंत मी काढ-घाल करत बसलो आणि बायकोला सांगितलं की हे करमणुकीसाठी नाही, स्क्रोल करताना चित्र मधनं फाटल्यासारखं दिसतं, त्याला टेअरिंग म्हणतात, ते इफेक्ट चालू असले की जातं, कामाचा प्रश्न आहे. हे खरंय तसं. पण खरं कारण खरवस होतं, हे तिला कळलं होतं, कारण लग्नाला सतरा वर्षं झालीत.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या मित्राला फोन. हा कॉम्प्युटर रिपेअरी करतो. त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच काढा. "रॅम वाढव लगा." रॅम वाढवली. दगड. "वायर बदल." बदलली. दगड. "मग मॉनिटर गेला असणार." आता मॉनिटर डोळ्यासमोर लख्ख चालू आहे, त्यावर बायकोची सिरीयल चाललीय, तो गेला कुठनं? मग म्हणाला, "मग लिनक्सच असं आहे," आणि फोन ठेवला. ही त्याची शेवटची पायरी असते, तिच्यापुढं देव.

शेवटी मीच टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडून बसलो. जीएलएक्सइन्फो म्हणून एक कमांड आहे, तिच्यामागं डॅश आणि एल लावला की ग्राफिक्सच्या सगळ्या मर्यादा ती ओळीनं वाचून दाखवते, सातबाऱ्यावरचा बोजा दिसावा तशा. आमच्यात जीएमए 950 नावाची ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी, चिप आहे. स्वतःची मेमरी नाही, लागेल तशी रॅममधनं उसनी घ्यायची, जास्तीत जास्त 224 एमबीपर्यंत, म्हणजे वही-खातं उधारीवरच चाललेलं. आणि त्या यादीत एक ओळ होती, मॅक्स टेक्श्चर साईझ, म्हणजे थ्रीडीत एका वेळी हाताळता येणाऱ्या चित्राची कमाल लांबी-रुंदी, पुढं आकडा 2048.

मी कागद घेतला. लॅपटॉपचा पडदा 1280 पिक्सेल, म्हणजे ठिपके, रुंद. मॉनिटर 1440 रुंद. शेजारी शेजारी ठेवले की बेरीज 2720.

सांगलीच्या माणसाला ह्यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना बरा आहेस का विचारत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं ते विचारतो. 40 फुटाला इशारा, 45 फुटाला धोका. 2019 ला ते 57 च्या वर गेलं होतं. मी म्हटलं, अरे माझ्या चिपची धोका पातळी 2048 आहे आणि मी तिच्यात 2720 सोडून बसलोय, वर 672, पूर नाही येणार तर काय.

आता हे नेमकं काय होतं तर, आपल्याला ते दोन पडदे दिसतात, पण कॉम्प्युटरला ती एकच लांबलचक सतरंजी दिसते. नुसतं अंथरायचं असेल तर आमची चिप 4096 पर्यंत अंथरते, म्हणून चित्र दिसत होतं. पण इफेक्ट लावले की तीच सतरंजी थ्रीडीच्या मागावर चढवून नव्यानं रंगवायची असते, खिडक्या वळवायच्या, थरथरवायच्या, आणि त्या मागाची रुंदी फक्त 2048. त्यात मॉनिटरचा दोष नाही, वायरचा नाही, रॅमचा नाही, लिनक्सचाही नाही. मिरजेला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "तेच तर मी म्हणत होतो."

पहिला उपाय मी कंजुषीचा केला. दोन्ही पडदे 1024 वर आणले. 1024 आणि 1024, बरोब्बर 2048, पाणी अगदी पातळीला टेकलेलं पण वर नाही. आणि खरवस आला! दोन्ही पडद्यांवर! मी आनंदात पत्रिकेची फाईल उघडली आणि बघतो तर वरचा गणपती आडवा सुटलेला. रुंद मॉनिटरवर 1024 बाय 768 ताणलं की सगळं फुगतं, गोल म्हणून काही राहत नाही. गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं, मुलीचे वडील, तासगावकडचे. ते बराच वेळ बघून म्हणाले, "पोट जरा जास्त वाटतंय." मी म्हटलं, "स्क्रीनवर दिसतं तसं, छपाईत उतरेल." ते म्हणाले, "न्हाई, आत्ताच उतरवा." लॅपटॉपच्या पडद्यावर तर अक्षरं अशी धुरकट, की शुभविवाह वाचायला मनात श्रद्धा लागायची.

हे सगळं मी जेवताना आईला सांगत होतो, म्हणजे मी बोलत होतो आणि ती भाकरी थापत होती. रुंदी बसत नाही, आडवं मावत नाही, असं काहीतरी. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आडवं मावत नाही तर वर चढव की. पाणी आलं की काय आपण शेजाऱ्याच्या घरात सामान नेतो होय?"

हातातला घास तसाच राहिला. 1280 च्या डोक्यावर 1440 ठेवला तर रुंदी 1440 च राहते. उंची 800 आणि 900, म्हणजे 1700. दोन्ही आकडे 2048 च्या आत! उष्ट्या हातानंच गेलो. पडद्यांची मांडणी बदलायची कमांड टाकली: एक्सरँडर, डॅश डॅश आऊटपुट, व्हीजीए वन (म्हणजे मॉनिटर), डॅश डॅश अबाव्ह, एलव्हीडीएस वन (म्हणजे लॅपटॉपचा पडदा). एंटर. पडदे एकदा काळे झाले, माझ्या पोटात गोळा आला, आणि मग दोन्हीकडं चित्र आलं. खिडकी धरून हलवली. थरथरली. आईला हाक मारली तर ती म्हणाली, "भाकरी गार होतेय."

आता मॉनिटर खरोखर लॅपटॉपच्या वर ठेवायला हवा होता. पण टेबलाच्या वर फळी आहे, फळीवर कुलदैवत, शेजारी कालनिर्णय, आणि कुलदैवताला खाली आण असं घरात बोलायची कुणाची छाती नाही. त्यामुळं मॉनिटर टेबलावर उजवीकडं होता तिथंच राहिला. कॉम्प्युटरला वाटतं तो वर आहे. आम्हाला दिसतं तो शेजारी आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

फक्त माऊसचा बाण उजवीकडं न्यायचा असेल तर तो वर न्यावा लागतो. लॅपटॉपच्या डोक्यातनं तो निघतो आणि शेजारच्या मॉनिटरच्या तळातनं उगवतो. मला चार दिवसांत सवय झाली. बायको लाईट बिल भरायला बसली तेव्हाचा संवाद असा:

"अहो, बाण अडकलाय."

"वर ने."

"वर कुठं, मला शेजारी जायचंय."

"वर नेलास की शेजारी जातो."

तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी आधी एकदाच बघितली होती, पुराच्या पाण्यातनं मी माणसांच्या आधी लॅपटॉप उचलला होता तेव्हा. शिवाय वरचा पडदा खालच्यापेक्षा 160 पिक्सेल रुंद, त्यामुळं खाली उजव्या अंगाला एक पट्टा असा तयार झालाय जो कॉम्प्युटरच्या हिशोबात आहे आणि जगात कुठंच नाही. त्यात अधूनमधून कॅल्क्युलेटर जाऊन बसतो. एकदा एका अडत्याचं लेटरहेड अर्धं त्यात गेलं आणि मी तासभर ते फोल्डरमध्ये शोधत होतो.

पण खरवस मात्र पक्का. जुलैत पाऊस लागला, कोयनेचं पाणी सोडल्याचे मेसेज फिरायला लागले, आयर्विनखाली 37 चं 38 झालं आणि आईनं नेहमीप्रमाणं आवराआवर काढली. गहू वर, गाद्या वर, कागदपत्रांची पेटी वर. मी तिसऱ्या पायरीवर शिडी धरून उभा, काखेत लॅपटॉप. खालनं तिचा आवाज आला.

"तो दुसरा टीव्ही वर घेतलास का रे?"

सवयीनं तोंडातनं निघून गेलं, "तो वरच आहे गं."

ती पदराला हात पुसत खोलीत आली, टेबलावर उजवीकडं ठेवलेल्या मॉनिटरकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून स्वतःच शिडीकडं निघाली.