म्हणे, उग्र वास आला की समजायचं जंतू मरतायत!

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या आत्याला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तिने तो कौतुकाने मला पाठवला. वर लिहिलं, "सामान आणलंय, रविवारी करून बघते." म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर असल्या मेसेजना उत्तर देण्यात वेळ घालवणारा मी माणूस नाही.

मेसेज थोडक्यात असा: "एका निवृत्त शास्त्रज्ञाचा सल्ला. संडास-बाथरूममधले पांढरे डाग जात नसतील तर दोन चमचे ब्लीचिंग पावडर टाका, वरून टॉयलेटचं अ‍ॅसिड ओता, दार लावून १५ मिनिटं थांबा. उग्र वास येईल, तो जंतू मरताना येतो. घाबरू नका, ही असेंद्रिय रसायनं आहेत, यांच्या क्रिया सावकाश चालतात. लोखंड गंजायलासुद्धा वर्षं लागतात. टाकीत तांब्याचं नाणं टाका, पाणी शुद्ध राहील. रोजच्या सफाईला सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरा." शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

सगळ्यात आधी ते 'सावकाश'. असेंद्रिय, म्हणजे ढोबळमानाने कार्बनी नसलेल्या पदार्थांच्या अभिक्रिया कशा आणि किती वेगाने चालतात हा रसायनशास्त्राचा एक अख्खा विभाग आहे. रसायनशास्त्रज्ञ हेन्री टाउबे यांना १९८३ चं नोबेल धातूंच्या संयुगांमधल्या असल्याच अभिक्रियांच्या अभ्यासाबद्दल मिळालं. पाण्यात विरघळलेल्या त्रिसंयुजी क्रोमियमला (तीन धन प्रभार असलेल्या) बिलगलेला पाण्याचा रेणू सुटून त्याच्या जागी दुसरा यायला काही दिवस लागतात. तांब्याच्या आयनाभोवती, म्हणजे विद्युतभारित अणूभोवती, तेच काम सेकंदाच्या अब्जाव्या भागात उरकतं. दोन्ही असेंद्रियच. तेव्हा गंजाचं उदाहरण देऊन 'घाबरू नका' म्हणणाऱ्या या शास्त्रज्ञाने बारावीचं पुस्तक तरी उघडलं होतं का, असा प्रश्न पडतो.

आता आत्या जी क्रिया रविवारी करणार होती ती. ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट असतं. अ‍ॅसिड पडलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं, म्हणजे क्लोरिनला ऑक्सिजन चिकटलेला आणि त्या ऑक्सिजनला एक हायड्रोजन. अ‍ॅसिडमधला आणखी एक हायड्रोजन आयन त्या ऑक्सिजनवर जाऊन बसतो, ऑक्सिजन पाणी होऊन सुटायच्या बेतात येतो. त्याच वेळी क्लोराइड आयन क्लोरिनवर चाल करून जातो. पाणी सुटतं, हातात राहतो क्लोरिन वायू. लागणारे दोन्ही आयन, हायड्रोजन आणि क्लोराइड, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या एकाच बाटलीत मिळतात. आणि आपल्याकडे टॉयलेटचं अ‍ॅसिड म्हणजे बहुतेक वेळा तेच.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे डेल मार्गेरम आणि त्यांचे सहकारी वांग यांनी १९९४ साली या अभिक्रियेचे दोन्ही दिशांचे (क्लोरिन तयार होण्याचे आणि तो पाण्यात परत मोडण्याचे) वेग मोजून 'इनऑर्गॅनिक केमिस्ट्री' या नियतकालिकात छापले. त्यांच्या आकड्यांवरून हिशोब केला तर तीव्र अ‍ॅसिडमध्ये ही क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत होते. दार लावेपर्यंतसुद्धा दम धरत नाही. त्याच आकड्यांवरून हेही कळतं की ब्लीचिंग पावडर टाकलेल्या टाकीतल्या साध्या पाण्यात कोटी रेणूंमागे मोजकेच क्लोरिन वायूच्या रूपात असतात. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, टाक्या भरून ठेवाव्या लागतात, त्यात कुणी बेताने ब्लीचिंग पावडर टाकतं, त्याला माझी हरकत नाही. भीती अ‍ॅसिडची आहे.

किती वायू होईल? ताज्या पावडरमधून तिच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा क्लोरिन निघतो. दोन चमचे म्हणजे २० ग्रॅम धरा. त्यातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन लिटरहून जास्त वायू. आत्याचं बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट. आत हवा साधारण ५,४०० लिटर. म्हणजे हवेच्या दशलक्ष भागांत क्लोरिनचे ४०० भाग. पावडर जुनी निघाली, थोडा वायू पाण्यात विरघळला, थोडा फटीतून गेला असं धरून निम्मं करा, तरी २००. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून ठरवलेली पातळी आहे १०. आणि हा वायू हवेच्या अडीचपट जड, खालीच साचतो. खाली वाकून फरशी घासणाऱ्या माणसाचं तोंड कुठे असतं? पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. आणि आमचे शास्त्रज्ञ म्हणतात, दार लावून घ्या.

तो 'जंतू मरतानाचा वास' याच वायूचा. जंतू मरताना असला वास सोडत नाहीत, विषय संपला.

बरं, एक गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग अ‍ॅसिडने जातात. ते डाग बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे, अ‍ॅसिड त्यांना विरघळवतं. पण त्याला अ‍ॅसिड एकटं पुरतं. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, तो उलट अ‍ॅसिड खाऊन टाकतो. म्हणजे डागावरचा जोर कमी आणि वर विष फुकट.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. हायपोने (म्हणजे हायपोक्लोराइटने) ब्लीच केलेला माल आधी पाण्याने धुतात, मग अँटिक्लोर (उरलेलं क्लोरिन संपवणारं रसायन) देतात, अ‍ॅसिडची पाळी त्यानंतर. तिथे कुणी हायपोच्या टाकीत अ‍ॅसिड ओतलं तर सुपरवायझर कॉलर धरून बाहेर काढेल.

तांब्याचं नाणं: तांब्याचे आयन हायपोक्लोराइटचं विघटन वेगाने करतात, एवढं खरं. पण म्हणजे जंतू मारायला टाकलेलं क्लोरिनच लवकर संपणार. मग पावडर टाकली कशाला?

सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात, उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. फेस तेवढा छान येतो.

कुणी हा प्रयोग आधीच केला असेल तर त्यावर आणखी काही ओतून 'शांत' करायला जाऊ नका. श्वास धरून बाहेर पडा, दार उघडंच राहू द्या, मोकळ्या हवेत थांबा. खोकला किंवा छातीत जळजळ असेल तर डॉक्टरकडे जा. बरं वाटलं तरी त्या दिवशी लक्ष ठेवा, कारण फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. आत्याला मी अ‍ॅसिडची बाटली बाथरूममध्ये आणि पावडरचा डबा गच्चीवर टाकीजवळ ठेवायला लावलाय. मेसेज कुणी पाठवला ते मात्र ती अजून सांगत नाही.